शाळेची परीक्षा

विद्यार्थी परीक्षा देतात व शाळा परीक्षा घेते, ही गोष्ट पहिलींतल्या मुलासही ठाऊक आहे. परंतु शाळेलाही परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेची उत्तरपत्रिका शाळेनें प्रथम स्वतःच तपासावयाची असते, हें आमच्या पालकवर्गापैकीं थोड्यांसच माहीत असेल. गेल्या कांहीं वर्षांत मूल्यांकन, मानांकन, अधिस्वीकृति हे शब्द वारंवार कानांवर पडूं लागले आहेत. महाविद्यालयांच्या फाटकांवर श्रेणीचे फलक झळकतात, प्रवेशाच्या दिवसांत पालक शाळेच्या कचेरींत येऊन "आपल्या शाळेला कोणती श्रेणी?" असें विचारतात. प्रश्न योग्य आहे. त्याचें उत्तर मात्र एका अक्षरांत देतां येण्यासारखें नाहीं, व तें अक्षर कसें मिळतें हें समजल्याखेरीज त्याला कांहीं किंमतही नाहीं. म्हणून हा विषय या अंकांत थोड्या विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

देशांतील महाविद्यालयें व विद्यापीठें यांची परीक्षा घेण्यासाठीं विद्यापीठ अनुदान आयोगानें १९९४ सालीं राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृति परिषद स्थापन केली. तिचें मुख्य ठाणें बंगळूर येथें आहे व तिलाच सर्वत्र 'नॅक' म्हणतात. शाळांसाठीं अशी देशव्यापी योजना पुष्कळ उशिरां आली. 'शाळासिद्धी' या नांवाचा कार्यक्रम २०१५ सालीं सुरू झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेनें त्याचा आराखडा केला होता. त्यांत शाळेच्या कामाचीं ७ क्षेत्रें व त्यांखालीं ४६ गाभा मानकें धरलीं होतीं, आणि प्रत्येक मानकापुढें शाळेनें आपण पहिल्या, दुसऱ्या कीं तिसऱ्या स्तरावर आहों तें लिहावयाचें होतें. तिसरा स्तर सर्वांत वरचा. प्रथम शाळेचें स्वयंमूल्यमापन, मग बाहेरच्या निर्धारकांकडून पडताळणी, असा क्रम. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें शाळांचा दर्जा पाहण्यासाठीं प्रत्येक राज्यांत स्वतंत्र प्राधिकरण असावें असें सुचविलें, व त्यानंतर राज्याराज्यांत नवे आराखडे येऊं लागले. महाराष्ट्रही त्यांत आहे. आराखडे बदलतात, रकाने वाढतात; पण आधीं स्वतःकडे पाहावें व मग दुसऱ्यास पाहूं द्यावें, हा क्रम सर्वांत सारखाच आहे.

सोन्याच्या दागिन्यावर शुद्धतेचा छाप असतो. तो एकदां उमटला कीं कायम राहतो, कारण सोनें बदलत नाहीं. शाळा बदलते. शिक्षक निवृत्त होतात, मुलें नवीं येतात, छप्पर गळूं लागतें, एखादा उत्साही मुख्याध्यापक येतो व एखादा जातो. म्हणून शाळेची परीक्षा ठराविक मुदतीनें पुन्हां पुन्हां होते, आणि दाराशीं लावलेला जुना फलक हा कालच्या शाळेविषयीं सांगतो, आजच्या शाळेविषयीं नव्हे. पालकांनीं फलक वाचतांना त्यावरील साल अवश्य वाचावें.

स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म भरावयाच्या दिवसांत आम्ही कांहीं शिक्षक दुसऱ्या दोन शाळांत जाऊन आलों. त्यांचीं कपाटें, नोंदवह्या, वर्ग पाहिले व टिपणें आणलीं. हें ऐकून नववीच्या वर्गांतील एका चुणचुणीत विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, आम्ही शेजारच्याचें पाहिलें तर आमचा पेपर काढून घेतात, मग शाळेनें शेजारच्या शाळेचें पाहिलें तर ती कॉपी नव्हे काय?" वर्ग हंसला, पण प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याचें उत्तर त्या तासाला पुरतें देतां आलें नाहीं, म्हणून येथें देतों.

विद्यार्थ्याच्या परीक्षेचा हेतु एका डोक्यांत काय आहे तें जाणण्याचा असतो. तेथें शेजाऱ्याची मदत घेतली कीं उत्तर बरोबर येऊनही परीक्षा खोटी ठरते. शाळेच्या परीक्षेचा हेतु निराळा आहे: शाळा सुधारावी, हा. ती दुसऱ्याच्या मदतीनें सुधारली तर हेतु बिघडत नाहीं, उलट साधतो. चांगली रीत शेजारीं चालू असून आपण ती मानापोटीं न पाहणें, यांत शहाणपण कसलें? तथापि शाळेच्या परीक्षेंतही एक जागा अशी आहे कीं तेथें उसनवारी केली तर ती नक्कलच होय. साहित्य उसनें आणतां येतें. रीत शिकून घेतां येते. पण आमच्या शाळेंत काय घडलें व त्यानें आमचीं मुलें किती पुढें गेलीं, हें दुसऱ्याकडून आणतां येत नाहीं. शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दृष्टांत आमच्या मुलांस पाठ आहे. दिवे सर्वांजवळ सारखेच होते. ऐन वेळीं तेल मागणाऱ्यांस तेल मिळालें नाहीं, याबद्दल लहानपणीं शहाण्या कुमारी आम्हांस कंजूष वाटत असत. शिक्षकाच्या पेशांत आल्यावर तसें वाटेनासें झालें.

आतां साहित्याचें पाहूं. शाळासिद्धीच्या पहिल्या क्षेत्रांत १२ गोष्टी होत्या: शाळेचें आवार, क्रीडांगण, वर्गखोल्या, वीज, ग्रंथालय, प्रयोगशाळा, संगणक, उताराचा मार्ग, मध्यान्ह भोजनाचें स्वयंपाकघर, पिण्याचें पाणी, हात धुण्याची सोय व स्वच्छतागृह. त्या प्रत्येकीविषयीं दोन वेगळे प्रश्न विचारले होते. वस्तु आहे काय व पुरेशी आहे काय, हा पहिला. ती चांगल्या स्थितींत असून उपयोगांत येते काय, हा दुसरा. आमच्या मतें त्या सबंध आराखड्यांतील सर्वांत मार्मिक गोष्ट ती हीच. कारण आपल्याकडे पुष्कळ शाळांत ग्रंथालय म्हणजे कुलूप लावलेलें कपाट, आणि किल्ली म्हणजे जे शिक्षक आज रजेवर आहेत त्यांच्या खिशांतील वस्तु! पहिल्या प्रश्नास तेथें तिसरा स्तर मिळेल, दुसऱ्यास पहिलाच.

या दोन प्रश्नांत अंतर पडतें, म्हणूनच शाळाशाळांत वांटून घेण्यास जागा आहे. समजा, एका शाळेंत ८ सूक्ष्मदर्शक आहेत व ते आठवड्यांतून चार तास बाहेर निघतात. शेजारच्या शाळेंत एकही नाहीं. पहिलीनें दुसरीच्या मुलांस आठवड्यांतून एक दुपार आपल्या प्रयोगशाळेंत येऊं दिलें तर ती कांहीं दानधर्म करीत नाहीं. तिचेंही काम होतें. कोंकणासारख्या दमट हवेंत वापरांत नसलेल्या भिंगांवर पावसाळ्यांत बुरशी धरते व ती कांचेला कायमची इजा करूं शकते, हें विज्ञानाच्या शिक्षकांस ठाऊक आहे. जें भिंग नित्य पुसलें व पाहिलें जातें तें टिकतें. जें पेटींत जपून ठेवलें जातें तें जातें.

ही कल्पना नवी नाहीं. १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगानें जवळजवळच्या शाळांनीं मिळून 'शाळा संकुल' करावें, एका माध्यमिक शाळेभोंवतीं आसपासच्या प्राथमिक शाळा जोडाव्या, असें सुचविलें होतें. ती सूचना बहुतेक कागदावरच राहिली. २०२० च्या धोरणानें तिला पुन्हां उजाळा दिला, व प्रयोगशाळा, ग्रंथालय, क्रीडांगण यांबरोबरच चित्रकला, संगीत, व्यायाम या विषयांचे शिक्षकही अनेक शाळांत मिळून वापरावेत असें म्हटलें. महाराष्ट्रांत केंद्रशाळा, केंद्रप्रमुख व केंद्रांतील शिक्षकांची शिक्षण परिषद ही व्यवस्था आहेच. जेथें ती परिषद हजेरीची सही करून चहा घेण्यापुरती उरली नाहीं, तेथें तिच्यांतून एकमेकांचे पाठ पाहण्याची उत्तम संधि मिळते.

परंतु कागदावरची सूचना कागदावरच कां राहते, याचें कारण मोठें नसून फार लहान असतें. परीक्षानळी फुटली तर पैसे कोणी द्यावयाचे? मुलांस रस्ता ओलांडून कोण नेणार? त्यांचा गणिताचा तास बुडेल तो केव्हां भरून काढावयाचा? प्रयोगशाळेचे साहाय्यक चार वाजतां घरीं जातात, त्यांस साडेचारपर्यंत कोणी थांबवावें? या चार प्रश्नांचीं उत्तरें एका पानावर आधींच लिहून दोन्ही मुख्याध्यापकांच्या सह्या झाल्या, तर योजना चालते. 'आपण परके का आहों, पाहूं काय तें' असें म्हणून सुरू केली, तर पहिली काचनळी फुटेपर्यंत चालते. वस्तु मोजून घ्याव्या, मोजून द्याव्या, व तुटफुटीची वही एकाच ठिकाणीं न ठेवतां दोघांनीं ठेवावी. उसन्या वस्तूची निगा आपल्या वस्तूपेक्षां अधिक राखावी, हें आमच्या आईवडिलांनीं शिकविलेलें येथें नेमकें लागू पडतें.

दुसऱ्या एका सामायिक साहित्याचा उपयोग आमचे विद्यार्थी न जाणतां रोज करतात. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा जो चौकोन छापलेला असतो, तो भ्रमणध्वनीनें टिपला असतां 'दीक्षा' या मंचावरील पाठ उघडतो. हा मंच केंद्र सरकारनें २०१७ सालीं सुरू केला. अनेक राज्यांतील शिक्षकांनीं केलेलें साहित्य त्यावर आहे, व तें सर्वांस विनामूल्य पाहतां येतें. विनामूल्य याचा अर्थ बेवारस असा मात्र नव्हे. ज्यानें पाठ तयार केला त्याचें नांव राखून तो वापरणें हा सौजन्याचा भाग तर आहेच, पण जगभर खुल्या साहित्याचे जे परवाने चालतात त्यांत बहुधा हीच पहिली अट असते. एखाद्या शाळेनें दुसऱ्याची प्रश्नपेढी घेऊन तिच्या माथ्यावर आपला शिक्का मारला, तर तिनें साहित्य घेतलें असें नव्हे, श्रेय चोरलें. आणि हेंही सांगितलें पाहिजे कीं दृक्श्राव्य पाठ लावून देणें म्हणजे शिकविणें नव्हे. तो पाठ थांबवून प्रश्न विचारणारा शिक्षक वर्गांत उभा नसेल, तर मुलें चित्रें पाहतात व घरीं जातात.

रीतीची उसनवारी याहून नाजूक. वस्तु इकडून तिकडे नेली तरी ती वस्तूच राहते. रीत नेली कीं ती बदलते. याचें एक जुनें उदाहरण मनोरंजक आहे. अँड्र्यू बेल या नांवाचे स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ सालापासून मद्रास येथील, म्हणजे आजच्या चेन्नईतील, एका लष्करी अनाथाश्रमाचे प्रमुख होते. एकदां त्यांनीं एका देशी शाळेंत मुलें वाळूंत बोटानें अक्षरें गिरवतांना पाहिलीं. आपल्या आजोबापणजोबांनींही धूळपाटीवर असेच श्रीगणेशे व ओनामे गिरविले, तेव्हां आपणांस यांत नवल वाटणार नाहीं, बेलसाहेबांस वाटलें. त्यांनीं ही रीत आपल्या आश्रमांत आणावयाचें ठरविलें. हाताखालच्या शिक्षकांनीं ती मनावर घेतली नाहीं, तेव्हां त्यांनीं मोठ्या मुलांकडून लहानांस शिकविण्यास सुरुवात केली. १७९७ सालीं त्यांनीं या प्रयोगाची हकीकत लंडनमध्यें छापिली. पुढच्याच वर्षीं जोसेफ लँकेस्टर यांनीं तेथें गरीब मुलांसाठीं शाळा काढली व तशाच पद्धतीनें एका शिक्षकाच्या देखरेखीखालीं शेंकडों मुलें शिकविलीं. १८२० नंतरच्या दशकांत ही पद्धति मुंबईच्या शाळांतही आली. म्हणजे आपली धूळपाटी विलायतेस जाऊन, साहेबी पोषाख करून परत आली!

परंतु मध्यंतरीं तिच्यांत काय पालट झाला, तो पाहण्यासारखा आहे. आमच्या खेड्यांत पंतोजी पंधरावीस पोरांत बसे, व मोठा मुलगा लहानाचा हात धरून अक्षर काढून घेई; त्यांत घरगुतीपणा होता. विलायतेंत तीच रीत स्वस्ताईसाठीं आवडली. एका मोठ्या दालनांत शेंकडों मुलें रांगेनें उभीं करून घंटेच्या ठोक्यावर पाट्या वर, पाट्या खालीं, असें तिचें यंत्र झालें. गरिबांच्या पुष्कळ मुलांस तिनें अक्षरओळख दिली, हें खरें व मोठेंही आहे. पण ती मूळची रीत राहिली नाहीं. रीत घेतली, तिच्या मुळाशीं असलेला लहान वर्ग घेतला नाहीं.

म्हणूनच नॅकनें महाविद्यालयांस आपल्या दोन उत्तम प्रथा लिहून देण्यास सांगतांना जो नमुना घालून दिला, तो शाळांनींही उचलावा असें आम्हांस वाटतें. त्यांत प्रथेचें नांव, तिचीं उद्दिष्टें, तिची पार्श्वभूमि, प्रत्यक्ष कार्यपद्धति, यशाचा पुरावा, आणि आलेल्या अडचणी व लागलेली साधनें, अशीं शीर्षकें आहेत. बहुतेक लोक नांव व कार्यपद्धति वाचून वही मिटतात. खरी विद्या पार्श्वभूमि व अडचणी या दोन शीर्षकांखालीं असते, आणि लिहिणारेही नेमके तेथेंच एकदोन ओळींत आटोपतात. अडचणी सांगितल्या तर आपली प्रथा उत्तम ठरणार नाहीं, अशी त्यांस भीति वाटते. आमचें मत उलट आहे. ज्या उपक्रमांत एकही अडचण आली नाहीं तो बहुधा झालाच नसावा.

एका उदाहरणानें हें स्पष्ट होईल. शहरांतील एका शाळेंत रोज सकाळीं पहिला अर्धा तास सर्व मुलें व सर्व शिक्षक आपापल्या आवडीचें पुस्तक मुकाट्यानें वाचतात, शिपाईसुद्धां वाचतात. उपक्रम खरोखरीच सुंदर आहे. खेड्यांतल्या एका शाळेनें तो जसाच्या तसा उचलला. तेथें वाड्यावस्त्यांवरून येणारीं मुलें एस्. टी. च्या गाडीनें येत, व गाडी बहुधा वीस मिनिटें उशिरां पोहोंचे. ज्या मुलांच्या घरीं एकही पुस्तक नाहीं, नेमकीं तींच मुलें वाचनाच्या तासास गैरहजर! महिनाभरानें एका शिक्षिकाबाईंच्या ध्यानांत ही गोष्ट आली, त्यांनीं हजेरी ताडून पाहिली, व वाचनाचा अर्धा तास दुपारच्या जेवणानंतर नेला. आतां तेथें मुलें पोटभर जेवून वाचतात. एखादा पेंगतो, पण गाडी चुकलेला कोणी नसतो. या शाळेनें आपल्या फॉर्मांत शहरी शाळेचें नांव आभारपूर्वक लिहिलें व आपण काय बदललें तेंही लिहिलें. त्या मुलीच्या प्रश्नास आम्ही हेंच उदाहरण देऊं: यांत कॉपी कोठेंही नाहीं.

कॉपी कोठें असते, तें आतां सांगतों. महाविद्यालयांचे स्वयंअध्ययन अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर सर्वांस वाचावयास ठेवलेले असतात. ठेवण्याचा हेतु असा कीं पारदर्शकता राहावी व इतरांनीं शिकावें. आळशी मनुष्य त्यांतून परिच्छेदच्या परिच्छेद उचलतो. मग वृक्षारोपण, स्वच्छता, महिला सबलीकरण यांचीं तींच वाक्यें या जिल्ह्यांतून त्या जिल्ह्यांत फिरूं लागतात. शाळांत हाच प्रकार छायाचित्रांनीं होतो. हात धुण्याच्या दिवसाचा फलक, त्यापुढें दहा मुलें, नळाखालीं हात. छायाचित्र झालें कीं नळ बंद, कारण टांकींत पाणी आणण्याचा खर्च कोणी केलेला नसतो. छायाचित्रास आमचा विरोध नाहीं. पण नळ वर्षांतून किती दिवस चालू होता याची शिपायानें लिहिलेली साधी नोंद ही दहा छायाचित्रांहून मोलाची आहे.

नुसत्या गुणांच्या मागें लागल्यानें शाळांचें काय होतें, याचा धडा दीडशें वर्षांपूर्वींच मिळालेला आहे. १८६२ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट लो यांच्या पुढाकारानें असा नियम झाला कीं सरकारी अनुदान मुलांच्या हजेरीवर, व तपासनीसापुढें प्रत्येक मूल वाचन, लेखन, गणित यांत उत्तीर्ण होतें कीं नाहीं यावर मिळावें. मुंबई इलाख्यांतही निकालानुसार अनुदान देण्याची रीत बरीच वर्षें चालली, व मिशनच्या शाळाही तींतून गेल्या. परिणाम असा झाला कीं जेवढें तपासलें जाई तेवढेंच शिकविलें जाई. प्रसिद्ध कवि मॅथ्यू आर्नल्ड हे १८५१ पासून पस्तीस वर्षें शाळांचे तपासनीस होते. या पद्धतीनें शिकविण्यांतलें चैतन्य गेलें व तें यांत्रिक झालें, अशी तक्रार त्यांनीं सरकारी अहवालांतूनच केली. स्वतः तपासणाऱ्यानें तपासणीच्या रीतीविरुद्ध लिहावें, यांतच तिचें स्वरूप दिसून येतें. पुढें त्या शतकाच्या अखेरीस ती पद्धति इंग्लंडनें सोडून दिली. आपल्याकडे नॅकनेंही पुष्कळ वर्षें अक्षरी श्रेणी दिल्यानंतर २०२४ सालीं त्यांऐवजीं अधिस्वीकृत अथवा नाहीं, एवढाच निर्णय देण्याची योजना जाहीर केली. एका अक्षरासाठीं चाललेली धांव थोडी मंदावावी, हा त्यांतील एक चांगला भाग आम्ही समजतों.

आतां एक गोष्ट उघडपणें बोलली पाहिजे. आपल्या शाळेनें यंदाच्या स्वयंमूल्यमापनांत प्रयोगशाळेपुढें वरचा स्तर लिहिलेला नाहीं. त्यावरून शिक्षकांच्या सभेंत दोन मतें झालीं. कित्येकांचें म्हणणें असें कीं आसपास नव्या शाळा निघाल्या आहेत, पालक आंकडे पाहतात, आपण आपल्या हातानें कमी लिहिलें तर पटसंख्या घटेल, व पटसंख्या घटली तर शिक्षकांच्या जागा जातील. ही भीति पोकळ नाहीं, व ती बोलून दाखविणारे आमचे सहकारी भित्रे नाहींत. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं फॉर्मांत स्तराबरोबरच सुधारणेची निकड किती व ती कशी करणार, हेंही विचारलेलें असतें. आपण सर्वत्र वरचा स्तर लिहिला तर सुधारणेच्या रकान्यांत लिहावयास उरलें काय? प्रयोगशाळा उत्तम आहे असें लिहून दिल्यावर प्रयोगशाळेसाठीं मदत कोणत्या तोंडानें मागावयाची? खोटा स्तर लिहिणारी शाळा फसविते कोणास, तर दहावीच्या त्या मुलास, ज्यानें वर्षभर परीक्षानळी हातांत धरली नाहीं. बाहेरचा निर्धारक दोन दिवसांनीं जातो. तें मूल अकरावीच्या प्रयोगशाळेंत उभें राहतें.

सभेचा निर्णय दुसऱ्या पक्षाप्रमाणें झाला. शेजारच्या शाळेची प्रयोगशाळा आपण वापरणार आहों, ती 'आपली प्रयोगशाळा' म्हणून दाखवावी काय, असाही प्रश्न निघाला. तेथें मात्र मतभेद झाला नाहीं. 'सामायिक उपयोग' असें लिहावें व किती तास वापरली तें लिहावें, असें ठरलें.

पालकांनीं यांत दोन गोष्टींची मदत करावी. निर्धारक येतात तेव्हां ते पालकांशीं व मुलांशींही बोलतात. त्या वेळीं पाण्याची टांकी केव्हां धुतली, ग्रंथालयांतून मुलानें शेवटचें पुस्तक केव्हां आणलें, गृहपाठ तपासला जातो कीं नाहीं, हें जसें असेल तसें सांगावें. शाळेची लाज राखण्याची जबाबदारी आपणांवर नाहीं. मुलांस तर कांहींच पढवूं नये. पढविलेलें मूल तिसऱ्या प्रश्नास अडखळतें, आणि आपण खोटें बोलण्यासाठीं शाळेंत उभें केलें गेलों, हें तें जन्मभर विसरत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं ज्या पालकांचा व्यवसाय सुतारकाम, वीजकाम, नळकाम, परिचर्या अथवा शेती असा आहे, त्यांनीं वर्षांतून एक दुपार शाळेस द्यावी. गेल्या वर्षीं एका पालकांनीं प्रयोगशाळेंतील बंद पडलेले दोन पंखे व एक तराजू घरच्यासारखे दुरुस्त करून दिले. पालकांचें ज्ञान हेंही सामायिक साहित्यच आहे, व तें आजवर आम्हीं फारच थोडें वापरलें.

शेजारच्या शाळेशीं झालेला एका पानाचा करार कचेरींत ठेवला आहे. पालकांनीं तो अवश्य वाचावा व सूचना कराव्या. जूनपासून दर बुधवारीं दुपारीं दोन ते चार या वेळांत इयत्ता नववी व दहावीच्या मुलामुलींच्या तुकड्या आळीपाळीनें तेथें जातील. बरोबर दोन शिक्षक असतील. बुडालेला गणिताचा तास शनिवारीं घेतला जाईल. प्रत्येकानें प्रयोगवही, पुसावयाचें स्वच्छ फडकें व पाण्याची बाटली न्यावी. पावसाचे दिवस असल्यानें छत्री न्यावी, व परत येतांना ती तेथें विसरूं नये.